ऐकत नाही

शनिवारची सकाळची शाळा सुटली की साराबाई घरी येऊन दोन घास खायच्या आणि छत्री उचलून पुन्हा बाहेर पडायच्या. आठवड्यात ज्या मुली वर्गात दिसल्या नाहीत त्यांच्या घरी जाऊन यायचं, हा त्यांचा शनिवार. मिशनच्या शाळेत या कामाला नाव नव्हतं आणि ते त्यांना कोणी सोपवलेलंही नव्हतं. त्या तिसरीच्या बाई होत्या, एवढंच. पण शाळेत ज्या ज्या मुलीचं काही अडत असे, मग ते डोळ्यांमुळे असो, पायामुळे असो की घरच्या दळणामुळे, ती मधल्या सुट्टीत आपोआप त्यांच्या व्हरांड्यात येऊन बसायची. त्या दिवशी केडगावला जायचं होतं. "चल गं," त्या मार्थाला म्हणाल्या, "ऊन चांगलं पडलंय." मार्था, त्यांची एकुलती एक मुलगी, त्याच शाळेत वरच्या वर्गांना गणित शिकवायची, तिशी उलटून गेली होती, आणि शनिवार दुपार तिला पुस्तक घेऊन पडून राहण्यासाठी हवी असायची. तरी ती निघाली. माळीवाड्याच्या वेशीपाशी कानिफनाथचा टांगा उभा होता. मार्था आधी चढली आणि साराबाई पदर सावरत तिच्या उजव्या हाताला बसल्या. कानिफनाथ मागे वळून म्हणाला, "साराबाई, थोरल्या मान्सानं डावीकडं बसावं. घोड्याला बरं पडतं." "घोड्याला मी समजावते," साराबाई म्हणाल्या, "तू हाक." वाटेत लष्कराच्या दोन लॉऱ्या धूळ उडवत गेल्या. युद्ध संपलं तरी लॉऱ्या काही संपल्या नव्हत्या. लॉरी जवळ आली की साराबाई बोलायच्या थांबत, आवाज पार लांब गेला की वाक्य जिथे सोडलं होतं तिथून उचलत. मार्थाला यात कधी काही वेगळं वाटलं नव्हतं. सगळ्यांच्या आया अशाच बोलतात असं ती धरून चालली होती.

केडगावात साळूबाईंच्या दारात ज्वारीची कणसं पसरली होती आणि त्यांची नात धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. तो वजनाने तिच्या निम्मा तरी असावा. "पोरगी शाळंत आली तर ह्याला कोन संबाळनार, बाई? हिची आई जाती खुरपायला. मला डोळ्यानं दिसंना." साराबाईंनी खाली बसून मुलाच्या तोंडातला नुकता फुटलेला दात पाहिला आणि म्हणाल्या, "मग ह्यालाही पाठवा." "ह्याला? पोरींच्या शाळंत?" "अजून त्याला कुठे ठाऊक आहे तो मुलगा आहे ते! कळेल तेव्हा बघू." साळूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. हसता हसता त्यांनी नातीला शाळेत पाठवायचं कबूल केलं आणि वर हुरड्याची पुरचुंडी बांधून दिली. परत येताना साराबाई खुशीत होत्या. व्हरांड्याच्या कोपऱ्यात एक गोधडी टाकायची, मुलाला तिथे खेळू द्यायचं, पोरीला वर्गातून तो दिसेल अशा बाकावर बसवायचं, असं सगळं त्यांनी टांग्यातच ठरवून टाकलं. संध्याकाळी पिठलं झालं. दिवा लावताना त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "आज काय सांगायचं राहिलं?" मार्थाने पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, "काही नाही." रविवारी देवळात उपासनेची पहिली घंटा झाली तेव्हा साराबाई चहा घेत होत्या. कप बशीत ठेवून त्या भिंतीला टेकल्या आणि "जरा थांब, आलेच," म्हणाल्या. मार्था पदराला पिन लावत होती. दुसरी घंटा झाली तरी त्या उठल्या नाहीत.

आईच्या मातीच्या वेळी वारा सुटला होता. शेवटचं गीत संपलं, पाळकांनी आशीर्वाद दिला, लोक एकेक करून सलाम करून निघाले. मार्था उभी होती आणि तिला फारसं काही वाटत नव्हतं; पायातल्या चपलेत एक खडा शिरला होता, तो तेवढा वाटत होता. मग शाळेतल्या मालनबाई जवळ आल्या. त्यांनी खांद्यावर हात ठेवला, तोंड कानापाशी आणलं आणि हलक्या आवाजात काहीतरी विचारलं. डाव्या कानापाशी. गालाला श्वासाची ऊब लागली, केसांना लावलेल्या तेलाचा वास आला, पण शब्द एकही आला नाही. मार्थाने मान हलवली. मालनबाईंनी तिचा दंड दाबला आणि त्या गेल्या. आपण कशाला हो म्हटलं हे मार्थाला कळलं नाही आणि त्याचं तिला नवलही वाटलं नाही. असे होकार ती आयुष्यभर देत आली होती, देवळाच्या पायऱ्यांवर, बाजारात, शिक्षकांच्या खोलीत. नवल दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. असला होकार तिने घरात कधी दिला नव्हता. इतक्या वर्षांत घरात कोणी तिच्या डाव्या कानाशी बोललं नव्हतं. एकदाही नाही. शेजारी बसताना, रस्त्याने चालताना, चुलीपुढे, देवळातल्या बाकावर, टांग्यात आई तिच्या उजव्या हाताला असायची. मार्था चपलेतल्या खड्यासकट तिथेच उभी राहिली. समोर ओली माती होती आणि तिच्या मनात एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं: आईला ठाऊक होतं.

डावा कान गालगुंडात गेला होता. तेव्हा ती सात वर्षांची होती. उन्हाळ्याची सुट्टी, गालाला हळदीचा लेप, वडील शलमोन तेव्हा हयात होते; छापखान्यातून येताना तिच्यासाठी कागदाच्या रंगीत पट्ट्या आणायचे. सूज उतरली आणि जगाची एक बाजू उतरलेली राहिली. दुखत नव्हतं, म्हणून कोणाला सांगावं असंही काही नव्हतं. डावीकडे एक भिंत होती एवढंच, आणि भिंत असते तिथे ती असतेच. पुढे आठ-नऊ वर्षांची झाल्यावर तिला उमगलं की इतर मुलींना ही भिंत नाही, आणि त्याच दिवसापासून ती भिंत लपवायला शिकली. हाक आली की कुठून आली ते तिला कळत नसे, म्हणून ती लगेच वळायची नाही. आधी इतरांच्या माना कुठे वळतात ते बघायची. गर्दीत ओठांकडे पाहायची. पुस्तकं तिने भरपूर वाचली, इंग्रजी, मराठी, मिशनच्या कपाटातली, वाचनालयातली, आणि लोक म्हणायचे, मुलगी अभ्यासू. पुस्तक डावीकडून बोलत नाही हे त्यातलं खरं कारण होतं. शिक्षिका झाल्यावर तिने टेबल वर्गाच्या अशा कोपऱ्यात ओढून घेतलं की डावीकडे खरोखरीच भिंत यावी. मुलींना वाटे, मार्थाबाईंना वारा सोसत नाही. रात्री उजव्या कुशीवर वळलं की सगळं जग उशीत बंद व्हायचं, कुत्री, लॉऱ्या, शेजारचं भांडण. या सुखाबद्दलही तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आता त्या रिकाम्या घरात ती उजव्या कुशीवर वळायची आणि ते सुख पूर्वीसारखं उरलं नव्हतं. ऐकण्यासारखं काही असेल तरच ते बंद करण्यात मजा.

आठवणी लावून पाहायला तिने सुरुवात केली. गणिताची बाई होती ती. दोन बाजू समान आहेत का हे तपासल्याशिवाय तिला चैन पडत नसे. गालगुंडानंतरचा जून. दूध शेगडीवर होतं, आई डावीकडून म्हणाली असावी, उतरव. असावी म्हणजे मार्थाला ते वाक्य आठवत नाही. जे ऐकलंच नाही ते आठवणार कसं. आठवते ती उतू गेलेल्या दुधाची करपट वाफ आणि गालावर बसलेली चापट. "किती वेळा सांगायचं? ऐकत नाहीस अजिबात!" आईने तिला मारलेलं तेवढं एकदाच. मार्था रडली नाही, तिने फक्त विचारलं, "कधी सांगितलंस?" आणि आई तिच्याकडे बघत राहिली. ते बघणं इतक्या वर्षांनी आता पुन्हा दिसलं. त्यात राग विझत जाताना दिसत होता आणि त्या जागी दुसरंच काही चढत होतं. त्या दिवसानंतर आई तिच्या उजवीकडे आली. आणि, बाजू जुळत गेल्या तशी मार्था बिछान्यात उठून बसली, शाळेतला किल्ल्यांचा खेळ त्याच वर्षी सुरू झाला होता.

किल्ल्यांचा खेळ सगळ्या शाळेला माहीत होता. जून महिन्यात नव्या मुली आल्या की साराबाई त्यांना व्हरांड्यात गोल बसवायच्या, डोळे मिटायला लावायच्या, आणि मागून किल्ल्यांचा जुडगा वाजायचा. आवाज आला तिकडे बोट करायचं. हसणं-खिदळणं चालायचं. ज्या मुलीचं बोट चुकायचं किंवा उठायचंच नाही, तिला दुसऱ्या दिवशी पुढच्या बाकावर जागा मिळायची, कोणाला काही न सांगता. त्या वर्तुळात मार्था कधी बसली नव्हती. किल्ल्या वाजवायचं काम तिचं होतं. "बाईंची मुलगी म्हणून तुलाच बरं मिळतं," मुली कुरकुरायच्या, आणि तिलाही वाटायचं की हा मान आहे. एस्तेर नावाची एक मुलगी होती, पाय वाकडा, रोज उशिरा येऊन छडी खायची. साराबाईंनी हेडमास्तरांशी बोलून तिला शाळेची घंटा देण्याचं काम दिलं. एस्तेर येईल तेव्हा घंटा होई. आणि घंटा देणाऱ्या मुलीला उशीर झाला असं कोण म्हणणार? मार्था या गोष्टीवर कितीदा हसली होती, कितीजणांना तिने ती सांगितली होती. एस्तेरच्या हातात घंटा आणि आपल्या हातात किल्ल्या, हे तिला आता, आई मातीत गेल्यावर, दिसलं.

मग सांगितलं का नाही? हा प्रश्न दिवसभर तिच्या पाठीशी असायचा, फळ्यावर आकृती काढताना, रेशनच्या दुकानापुढे उभं असताना. दुसऱ्यांच्या मुलींसाठी आई शिक्षकांशी भांडायची. शाळेत तिने एक विचित्र नियम केला होता: "ऐकत नाही" हा शब्द तिच्यापुढे कोणी वापरायचा नाही. "मुलगी ऐकत नाही" अशी तक्रार घेऊन कोणी आलं की ती विचारायची, "मानत नाही, की ऐकू येत नाही? दोन्हीतलं एक सांगा. दोन्हींना एकच शब्द आहे म्हणून एकच छडी चालणार नाही." शिक्षकांच्या खोलीत त्याची थट्टा व्हायची. ड्रॉइंग शिकवणारे एलियामास्तर दार अडकलं की म्हणायचे, "साराबाई, हे दार मानत नाही की त्याला ऐकू येत नाही, तेवढं विचारून या." आई सगळ्यांत मोठ्याने हसायची आणि पुढच्या आठवड्यात एलियामास्तरही नकळत "मानत नाही" म्हणायला लागले. अशी ही बाई, पण घरात दिव्याच्या उजेडात इतकी वर्षं गप्प. मार्थाला आधी राग आला. मग आईचंच बोलणं आठवलं. नव्या शिक्षिकेला ती सांगत होती, मार्था शेजारी वह्या तपासत होती: "मुलीचं काय आहे ते आपण शोधायचं, तिच्यासाठी काय करायचं ते करायचं, पण चारचौघांत बोलायचं नाही. ते तिचं आहे. ती सांगेल तेव्हा सांगेल. आपण रोज विचारायला विसरायचं नाही, एवढंच." आज काय सांगायचं राहिलं. हा प्रश्न रोज सांजेला आला होता आणि मार्थाने रोज काही नाही म्हणून तो परत पाठवला होता, एखाद्या पाहुण्याला दारातूनच पाणी देऊन वाटेला लावावं तसा. आईने घाई केली नाही. आपल्याला भरपूर संध्याकाळी मिळणार आहेत अशा खात्रीने ती विचारत राहिली. चूक कोणाची असेल तर त्या खात्रीची.

छबूचं प्रकरण समोर आलं ते एका बुधवारी, शाळा सुटल्यावर. घोडेगावच्या सूर्यभानची ही मुलगी, नऊ-दहा वर्षांची, बोर्डिंगात राहायची. गावच्या शाळेत तिने बराच मार खाल्ला होता, कारण ती ऐकत नव्हती. साराबाईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं की तिला ढोल आणि आगगाडीची शिट्टी सोडली तर जवळपास काहीच ऐकू येत नाही. सूर्यभान बैलांच्या बाजारात दलाली करायचा, मोठा उमदा माणूस, तेव्हा मुलीला परत न्यायलाच निघाला होता. "बाई, बैल भैरा असला तरी औताला चालतो. पन पोरीचं कसं व्हायचं? तिला बोललेलंच कळंना, ती लिवनार काय?" साराबाईंनी विचारलं होतं, "तुम्ही बाजारात सौदा कसा करता हो?" "कसा म्हंजी? उपरन्याखाली हात घालायचा आन बोटं धरायची. तोंडानं बोलायचंच न्हाई. चार मान्सांत भाव फुटतो." "म्हणजे दिवसभर तुम्ही न बोलता बोलता. आणि मुलीला मात्र बोलल्याशिवाय शिकवता येणार नाही म्हणता." सूर्यभानने पागोटं काढून डोकं खाजवलं होतं आणि मुलीला ठेवून गेला होता. दोन वर्षांत छबू वाचायला शिकली. साराबाई तिच्याशी उजेडाकडे तोंड करून बोलायच्या, तिचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवायच्या, पाटीवर शब्द लिहून तो ओठांनी दाखवायच्या. छबू ओठ वाचायची. तिचं स्वतःचं बोलणं घोगरं, शब्द मधेच मोडलेले, पण साराबाईंना कळायचं, आणि हळूहळू बोर्डिंगातल्या मुलींना कळायला लागलं.

हेडमास्तर साळवे यांच्या खोलीत मार्था शिरली तेव्हा सूर्यभान दाराशी उकिडवा बसला होता, पागोटं गुडघ्यावर. छबू त्याच्या मागे उभी राहून प्रत्येकाच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होती. मालनबाई खुर्चीत बसल्या होत्या. साराबाईंचा वर्ग आता त्यांच्याकडे आला होता. "मी काही दुष्ट नाही, मार्थाबाई," त्या पहिल्याच वाक्याला म्हणाल्या, "पण तुम्हीच बघा. मी फळ्यावर लिहायला वळले की ही जागेवरून उठते, सरळ पुढे येते आणि माझ्या तोंडासमोर येऊन उभी राहते. अशी. हातभर अंतरावर. सगळा वर्ग हसतो. मी सांगते बस, तर बसते, आणि मी वळले की पुन्हा तेच. ऐकत नाही म्हणजे नाही." मार्थाला ते चित्र लख्ख दिसलं. बोलता बोलता बाई फळ्याकडे वळतात, ओठ नाहीसे होतात, आणि छबूसाठी वाक्य मधेच भिंतीआड जातं. ती उठून भिंतीच्या पलीकडे जाऊन बघते. आपण कधी असं उठलो नाही, मार्थाच्या मनात आलं. आपण बसून राहिलो आणि मान हलवली.

"ती तुमचे ओठ शोधते," मार्था म्हणाली. "फळ्याकडे वळल्यावर बोलू नका. लिहून झालं की वळून बोला. ती उठणार नाही."

"आणि बाकीच्या चाळीसजणी? मी वळून लिहीपर्यंत त्या काय करतील ठाऊक आहे?"

साळवे मास्तरांनी दोन्ही हात टेबलावर पसरले. ते सज्जन होते, थकलेले होते, आणि साराबाईंच्या मातीच्या दिवशी खांदा देताना रडले होते. "तुमचं म्हणणं खरं आहे, मार्थाबाई. पण इन्स्पेक्टर पुढच्या महिन्यात येतील. ते तोंडी परीक्षा घेतात. ही पोरगी उभी राहून त्यांच्या मिशांकडे बघत बसणार, आणि ते मला विचारणार, ही मुलगी सामान्य शाळेत कशाला? आणि खरं सांगा, पुढे काय? चौथी, पाचवी, तिथे कोण तिच्यासाठी ओठ हलवणार? साराबाई होत्या तोवर निराळं होतं. त्यांना देणगी होती. मुलीकडे बघितलं की त्यांना कळायचं कुठे दुखतंय. असं सगळ्यांना येत नाही. देव एखाद्यालाच देतो."

सूर्यभान दारातून म्हणाला, "मास्तर, माझं काय म्हननं न्हाई. तुमी निरोप धाडला, मी आलो. पोर घेऊन जातो. बाईंनी लई केलं तिच्यासाठी." त्याने छबूच्या डोक्यावर हात ठेवला. छबूने त्याच्या ओठांकडे पाहिलं आणि तिचा हात आपोआप त्याच्या सदऱ्याला जाऊन चिकटला. जाण्यासाठी की थांबवण्यासाठी, ते कळत नव्हतं.

"निरोप कोणी धाडला?" मार्थाने विचारलं.

मालनबाई गोंधळल्या. "मी. पण तुम्हाला विचारूनच. कबरस्तानात, त्या दिवशी. मी म्हटलं, छबूच्या वडिलांना बोलावून घेऊ का, आता तिला इथे कोण बघणार. तुम्ही हो म्हणालात. मान हलवलीत."

म्हणजे तो श्वास, तो तेलाचा वास, ती ऊब, हे होतं. खोलीत उन्हाचा एक पट्टा टेबलावरून तिरपा जात होता आणि त्यात खडूची धूळ तरंगत होती. हेडमास्तर तिच्याकडे पाहत होते, रागाने नाही, उलट तिची बाजू सावरायला तयार असल्यासारखे. "असू द्या," मालनबाईच म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरी माया होती, "त्या दिवशी तुम्ही तुमच्यात नव्हता. दुःखात माणसाचं लक्ष कुठे असतं? आई गेलेली. लक्ष नव्हतं तुमचं, एवढंच."

सुटकेचं दार उघडं होतं. असली दारं मार्थाला आयुष्यभर सापडत आली होती. लक्ष नव्हतं, वाचत होते, डोकं दुखत होतं. हो म्हटलं की संपलं. साळवे मास्तर म्हणतील, चला, गैरसमज झाला, मुलीला महिनाभर राहू द्या, मग बघू. मग बघू म्हणजे काय ते खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. महिन्यानंतर इन्स्पेक्टर येतील, आणि साराबाईंना देणगी होती, दुसऱ्या कोणाला ती नाही, हे वाक्य तसंच टेबलावर पडून असेल, आणि त्याला उत्तर म्हणून कोणाकडे काही नसेल. छबू घोडेगावला जाईल. बाजारात बापाच्या मागे उभी राहून माणसांच्या तोंडाकडे बघेल आणि म्हातारी होईपर्यंत बघत राहील. मार्थाला आईचा चेहरा आठवला नाही. आठवलं ते तिचं बसणं, शांत, घाई नसलेलं, प्रश्न विचारून झाल्यावर दिव्याची काजळी पुसत उत्तराची वाट पाहणारं. भीती वाटेल असं मार्थाने धरलं होतं. वाटली नाही. वर्गात अवघड गणिताची शेवटची पायरी फळ्यावर लिहिताना हात जसा स्वच्छ चालतो, तसं काहीतरी तिच्या आत स्थिर झालं.

"लक्ष होतं, मालनबाई," ती म्हणाली. "पूर्ण लक्ष होतं. तुम्ही काय विचारलंत ते मला ऐकू आलं नाही."

"एवढ्या जवळून बोलले मी. अगदी कानाशी."

"हो. डाव्या कानाशी." मार्था हेडमास्तरांकडे वळली. "मास्तर, आईला देणगी नव्हती. ती आधी आम्हां सगळ्यांसारखीच बाई होती, मूल ऐकत नाही म्हणून तिनेही थप्पड मारलेली आहे. मग ती शिकली. एका मुलीवर शिकली, रोज, वर्षानुवर्षं, आणि जे शिकली ते बाकीच्यांना दिलं. शिकता येतं ते. मालनबाईंना शिकवता येईल. मलाही येतं. छबूच्या चौथीचं मी बघीन, पाचवीचंही बघीन, आणि इन्स्पेक्टर आले की तिच्या शेजारी उभी राहीन."

"तुम्ही?" साळवे मास्तर हळू आवाजात म्हणाले. "मार्थाबाई, मन मोडायचं नाही मला. पण तुम्ही हुशार, चांगल्या शिकलेल्या. ज्याला सगळं ऐकू येतं त्याला या पोरीच्या आतलं काय कळणार?"

दारात सूर्यभान उठून उभा राहिला होता. छबू बापाचा सदरा धरून मार्थाच्या तोंडाकडे बघत होती.

"मला डाव्या कानानं ऐकू येत नाही, मास्तर," मार्था म्हणाली. "सात वर्षांची होते तेव्हापासून. ती मुलगी मी."